विपश्यनेचं दहा दिवसाचं शिबिर: जेवण, गादी, मौन आणि डोक्यातला जुना माल

पयले पैशाचं सांगून टाकतो, कारण मी जाऊन आलो हे समजल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण तेच विचारते, किती घेतात म्हणून. काहीच घेत नाहीत. राहणं फुकट, नाश्ता जेवण फुकट, शिकवणं फुकट, शेवटी दान द्यायचं असेल तर द्या नाहीतर बॅग उचला आणि निघा, कोणी तोंडाकडं पाहत नाही. उलट एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून दान घेतच नाहीत, म्हणजे तुम्ही तिथं जे जेवता ते आधी येऊन गेलेल्या कोणीतरी दिलेलं असतं. वाचायला हे छान वाटते. पण मला या फुकटच्या जेवणानं जेवढा त्रास दिला तेवढा गुडघ्यानं आणि कमरेनं पण दिला नाही, ते पुढं सांगतो, कारण माझ्या मते शिबिराचा खरा उपयोग तिथंच आहे.

सेंटरचं नाव लिहत नाही. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला, आपल्या भागात सगळीकडं सेंटर आहेत आणि शिकवण, टाइमटेबल, रेकॉर्डिंग सगळीकडं तेच, फरक असला तर खोल्यांचा आणि स्वयंपाक्याचा. मी गेलो ते गावाबाहेर होतं, तिन्ही बाजूनं शेत, एका बाजूला पळसाचं रान. फेब्रुवारी म्हणून निवडला की तूर निघालेली असते, कापसाच्या शेवटच्या वेच्या चालू असतात, आणि आमच्या कृषी केंद्रात तेव्हा माशा मारायच्या असतात. मृगाच्या तोंडावर दुकान बंद ठेवून जायचं म्हणलं असतं तर घरच्यांनी मलाच बंद केलं असतं. तसंही बायको म्हणेच, "तुमी धा दिवस चूप राहान? मले त पटत नाही बाप्पा." आणि आईचं वेगळंच, "काहून रे, घरी काय कमी पडलं तुले?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विपश्यना म्हणजे ध्यानाची एक पद्धत, आणि हे शिबिर सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं. माणूस मारवाडी व्यापारी घरातला, १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेला, डोकेदुखीनं म्हणजे मायग्रेननं बेजार होऊन १९५५ ला रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं पोचला. हे ऊ बा खिन सरकारी नोकर, ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. मला हे लय आवडलं, की सगळ्या देशाचे हिशोब तपासणारा माणूस लोकांना श्वास पाहायला शिकवत होता. गोयंका १९६९ ला भारतात आले, इगतपुरीचं धम्मगिरी सेंटर १९७६ चं, आणि २०१३ ला ते वारले. पण शिबिर अजून त्यांच्याच आवाजात चालते, सूचना रेकॉर्डिंगच्या, रात्रीचं प्रवचन व्हिडिओवर, समोर बसलेले सहायक आचार्य फक्त बटण दाबतात आणि शंका असली तर उत्तर देतात. सुरवातीला मला हे विचित्र वाटलं, जिवंत माणूस समोर बसून गप्प आणि गेलेला माणूस बोलून राहिला. नंतर सवय होते. प्रवचन मात्र मस्त असते, गोष्टी सांगत सांगत, दिवसभरात हसायची तेवढीच संधी.

टाइमटेबल असं की पहाटे ४ ला घंटा, साडेचारला हॉलमध्ये, साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला चहा, मुरमुरे, एखादं फळ, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत काही नाही. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तर पाच वाजता फक्त लिंबूपाणी. मधला सगळा वेळ बसणं, रात्री साडेनऊला लाईट बंद. दिवसाचे दहाच्या वर तास मांडी घालून. मोबाईल पहिल्या दिवशी जमा, वही पेन पुस्तक पण नाही, आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला माल, तर नाहीच नाही. हे आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगतो, खर्रा नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांड पण नाही. सुरवातीचे दिवस काही लोकांचे हात नुसते खिशाकडं जायचे आणि रिकामे परत यायचे, पाहून वाईट पण वाटे आणि हसू पण येई. ज्याला खर्ऱ्याशिवाय सकाळी संडासले होत नाही त्यानं आधी घरी कमी करून मगच जावं.

जेवण साधं, वरण भात पोळी, एक भाजी, ताक. तिखट नावाला. सावजी जिभेच्या माणसाला पहिले दोन टाइम दवाखान्यातलं जेवण वाटेल, नंतर वरणाला पण चव असते हे समजते. गाद्या पातळ, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी अर्जातच लिहावं, हॉलमध्ये खुर्ची देतात. अंघोळीला गरम पाणी सोलरचं, म्हणजे पहाटे ज्यानं पहिले बादली लावली त्याचं. स्वच्छता चांगली, आणि जे सेवक संडास धुतात, वाढतात, ते पण शिबिर केलेलेच लोक, पगार न घेता आलेले.

आता मुख्य गोष्ट, मौन. याला आर्य मौन म्हणतात, म्हणजे बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, डोळ्याला डोळा पण द्यायचा नाही, बोलायचंच असेल तर आचार्यांशी किंवा सेवकाशी कामापुरतं. मला वाटे याच्यात काय एवढं, पवनारला विनोबांनी १९७४ च्या डिसेंबरपासून वर्षभर मौन पाळलंच होतं की. पण तोंड बंद केलं की आतलं बंद होते हा लोकांचा गैरसमज आहे. आत लाऊडस्पीकर सुरू होते. आणि रोज आपण बोलतो ना, त्यात एक मोठं काम चालू असते जे बोलताना लक्षातच येत नाही, ते म्हणजे स्वतःची बाजू मांडणं. असं का केलं, तसं का बोललो, चूक त्याचीच कशी होती. तिथं बाजू ऐकायला कोणी नाही. मग जे बाजू मांडत होतं तेच दिसायला लागते.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, नाकाच्या खाली वरच्या ओठावर लक्ष, याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, म्हणजे डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत लक्ष फिरवायचं आणि अंगावर जे जाणवते, खाज, गरमी, मुंग्या, दुखणं, ते फक्त पाहायचं, हाकलायचं नाही आणि धरून ठेवायचं नाही. मग अधिष्ठान सुरू होते, दिवसातून तीन वेळा एकेक तास हात पाय न हलवता आणि डोळे न उघडता. त्या तासात गुडघ्याचं जे होते ते लिहून समजणार नाही, जाऊन पाहा.

तर पहाटे हॉलमध्ये बसलेलो, बाजूच्या शेतात कोणाचा तरी हरभरा, आणि अचानक तुषार सिंचनाचं टक टक टक सुरू झालं. शेतकऱ्याच्या पोराला हा आवाज ओळखू यायला वेळ लागत नाही, लाईन म्हणजे मोटरीची वीज आली. आपल्याकडं शेतीची लाईन रात्री अपरात्री येते आणि लाईन आली की उठायचं, थंडी असो की साप असो. माझ्या घरी ओलिताचं आता लहान भाऊ पाहतो, मी दुकान पाहतो, रात्री मोटर चालू करायला मी कित्येक वर्षात गेलो नाही. तरी तो आवाज कानावर पडला आणि बेंबीच्या वर एक गाठ आवळली, खांदे वर गेले, मांड्या उठायच्या तयारीत. विचार त्याच्यानंतर आला, की लाईन आली अन तू इथं बसला. आधी गाठ मग विचार, हा क्रम मी पहिल्यांदा इतका साफ पाहिला.

त्याच दिवशी ११ ला जेवायला गेलो, सेवक दादांनी न मागता पोळी वाढली आणि तीच गाठ. जागा तीच, आवळणं तेच. विचार मात्र वेगळा होता, की आपल्याकडून हे पैसे काहून घेत नाहीत, कायतरी लपलेलं असन याच्यात. पाच वाजता एका माणसानं दोनदा मुरमुरे घेतले. गाठ. विचार असा की फुकटचं आहे म्हणून दाबून राहिला. संध्याकाळी आठवण आली ती दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची, जो बियाणं उधार नेते आणि पैसे देताना नेहमी पुढच्या सोमवारवर ढकलते, परत गाठ. चार वेगळे विचार, चार वेगळी माणसं, आणि पोटातली गाठ एकच. बाहेर असतो तर प्रत्येक विचार मी वेगळा वेगळा खरा मानला असता, वाद घातला असता, त्या माणसाला मनातल्या मनात नाही तर तोंडावर पण चार शब्द ऐकवले असते. तिथं बोलायची सोय नव्हती म्हणून गाठीकडंच पाहत बसलो, आणि दोनेक दिवसात, एकदम नाही, हळूहळू, एक वाक्य वर आलं जे मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं पण ज्याच्यावर माझं सगळं चालू होतं. जो कमावल्याशिवाय खाते तो हलका. आणि त्याच्या मागं दुसरं, मी बसलो तर मीच तो.

मालाचा स्टॉक घ्यायला बसलं की मागच्या रॅकवर केव्हाची एक्सपायरी झालेली बाटली सापडते, कोणी ठेवली आठवत नाही पण इतके दिवस जागा अडवून बसलेली असते, तसं हे. माझ्या बाबतीत कोणी ठेवली ते थोडं आठवलं. लहानपणी पोळ्याच्या दिवशी शेजारच्या घरी जेवून आलो होतो आणि बाबांनी अंगणातच विचारलं होतं, "दुसऱ्याच्या दारचं खाऊन आला कारे?" बस्स, एवढंच. मारलं पण नाही. बाबांचं काही चुकलं असं म्हणत नाही, ज्यानं दोन दोन दुष्काळ मागून खायची पाळी येऊ न देता काढले त्याचा तो स्वाभिमान होता. पण त्याचा स्वाभिमान माझ्याकडं येईपर्यंत दुसऱ्याला तोलायचा काटा होऊन गेला होता. उधारी मागायला येणाऱ्याशी मी जसा बोलतो तो आवाज मला तिथं बसल्या बसल्या ऐकू आला. चांगला नाही तो आवाज.

दुसरी एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं, पण लिहतो. मी जाणार म्हणल्यावर गावात एकानं विचारलं, "तू कायले त्यायच्यात चालला?" कोणाच्यात ते तुम्हाला समजलंच असेल. विदर्भात १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाचं नाव आलं की लोक लगेच एक वस्ती डोळ्यापुढं आणतात, आणि विपश्यना म्हणजे त्यांचं, भजन म्हणजे आपलं, अशी वाटणी करून मोकळे होतात. प्रवचनात तर रोज सांगतात की हे कोण्या एका पंथाचं नाही, श्वासाला जात नसते वगैरे. मी त्या माणसाला तेव्हा मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं की मी असं काही मानत नाही. पण पंगतीत बसल्यावर बाजूच्याचं आडनाव काय असेल याचा अंदाज माझं डोकं आपोआप लावत होतं, नाव माहीत नाही, बोलायचं नाही, तरी चेहरा, चप्पल, जेवायची पद्धत पाहून कामाला लागलेलं. मानत नाही हे वरचं मत होतं. खालचं मत हे होतं. गोष्टी मानणं आणि गोष्टी मानत नाही असं मानणं या दोन्हीतला फरक चूप बसल्याशिवाय मला तरी दिसला नसता.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनात आणायचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटते. एकदम जत्रा भरल्यासारखा कल्ला. ज्यांनी दोनदा मुरमुरे घेतले होते ते एसटीत कंडक्टर निघाले, शुगरवाले, गोळी घेतल्यावर पोट रिकामं ठेवता येत नाही म्हणून सेवकाला विचारूनच घेत होते. मी त्यांना माझं सगळं सांगून टाकलं, तर ते हसत म्हणाले, "भाऊ, मले त वाटलं तुमी सावकार असान. सगळ्यायच्या ताटात पायत होते." आता बोला.

तक्रारी पण आहेत. पहिली मोठी तक्रार ही की या पद्धतीत विचारांच्या मागं जायला मनाईच आहे. फक्त संवेदना पाहा, समता ठेवा, सगळं अनित्य आहे. दुपारी १२ नंतर आचार्यांना भेटता येते, मी माझी गाठ सांगितली तर उत्तर मिळालं की पाहत राहा, त्याचा अर्थ लावत बसू नका. त्यांच्या हिशोबानं बरोबर असेल, पण मला वाटते की जे वर आलं ते कोणाजवळ तरी बोलायची, निदान कागदावर लिहायची गरज असते. मौन माल बाहेर काढून देते, पण निवडून देत नाही. मी घरी आल्यावर वहीत लिहलं आणि आता दुकानात तेच करतो, कोणाचा राग आला की आधी पाहतो अंगात कुठं काय झालं, आणि मग स्वतःला विचारतो की मी काय धरून चाललो होतो म्हणून हे असं झालं. "तो असा का वागला" हा प्रश्न विचारला की त्याच्याच चुका सापडत जातात, लागल्या तर शंभर सापडतात. "मी काय धरून चाललो" असं विचारलं की बहुतेक वेळा एकच ओळ सापडते आणि ती ऐकायला बावळट असते. उदाहरणार्थ, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक उधारीचं आलं तर दिवस वाया जाते. मी शिकलेला माणूस, आणि हे मानत होतो!

उधारी बंद केली का असं विचाराल तर नाही, चालूच आहे, वसुली पण चालू आहे, पुढच्या सोमवारवाला अजून पुढच्या सोमवारवरच आहे. फक्त पैसे मागताना त्याला हलका समजून मागत नाही, एवढाच बदल. धंद्यात काही फरक पडला नाही आणि पडावा म्हणून गेलो पण नव्हतो.

दुसरी तक्रार प्रवचनात हे कसं एकदम शास्त्रीय आहे असं वारंवार सांगतात त्याची. अनुभवून पाहा म्हणतात ते ठीक, पण मागच्या जन्माचे संस्कार वगैरे आलं की ते विश्वासावरच घ्यावं लागते. मी तेवढं बाजूला ठेवलं, माझं काही अडलं नाही. तिसरी, जप, मंत्र, पूजा सगळं त्या दिवसांपुरतं बंद ठेवायला लावतात. माळकरी लोकांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं काय ते अर्ज करतानाच विचारून घ्यावं, तिथं जाऊन वाद नको. आणि ज्याला दहा दिवस जमत नाहीत त्यानं कमीपणा मानू नये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव लावलेलं पहाटेचं सामुदायिक ध्यान अजून बऱ्याच गावात चालते, तिथं रोज थोडा वेळ बसून पण सुरवात होते. खोल जायला कमी पडते, पण गावातल्या गावात आहे आणि सुटी लागत नाही.

कोणी जाऊ नये ते स्पष्ट लिहतो, कारण आपल्याकडं याची गरज आहे. अर्जात मानसिक आजार, चालू औषधं सगळं विचारतात, तिथं लपवू नका. ज्याला सध्या जगणंच नकोसं झालंय, झोप लागत नाही, कर्जानं डोकं फिरलंय, अशा माणसाला "जा तिकडं, शांत वाटन" म्हणून पाठवू नका. एवढे दिवस एकट्यानं स्वतःच्या डोक्यासोबत बसणं त्याच्यासाठी चांगलं नाही. त्याला आधी डॉक्टरकडं न्या, किंवा मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. शिबिर नंतर कधीही करता येईल.

बाकी कामाच्या गोष्टी. अर्ज ऑनलाइन भरावा लागते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर लोकांची गर्दी असते म्हणून लवकर भरा. बायांची राहायची, जेवायची, फिरायची व्यवस्था एकदम वेगळी, नवरा बायको सोबत गेले तरी दहा दिवस भेट नाही, काही जण याच्यासाठीच जातात अशी मस्करी तिथं चालते. घरच्यांना ऑफिसचा नंबर देऊन ठेवा, खरंच अडचण आली तर निरोप पोचवतात. थंडीत जात असाल तर शाल, मोजे आणि साधं घंटीचं घड्याळ न्या, मोबाईल नसल्यावर वेळ समजत नाही. ढिले कपडे न्या, जीन्सवर मांडी घालून बसणाऱ्या पोट्ट्यांचे हाल पाहिले मी. टॉर्च नक्की न्या, पहाटे खोलीपासून हॉलपर्यंत अंधार असते आणि शेताच्या बाजूचं सेंटर असल्यानं खाली पाहूनच चालावं लागते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वर आलेलं बोलायला माणूस नाही याच्यासाठी, गादीसाठी नाही. गादीची तक्रार करणारे रात्री घोरतच होते.